पाणकोंबडीचा सूट

बंदरावर तिला सगळे पाणकोंबडी म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि ती ओ द्यायची. वय अठ्ठावन्न, उंची बेताची, चाल जराशी डुलती, आणि सव्वीस वर्षं पाण्याखाली काम करण्यात गेलेली. बोटींच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, पंख्यात गुंतलेली जाळी कापायची, कुणाच्या किल्ल्या धक्क्यावरून पडल्या तर चिखलात हात घालून शोधायच्या, अशी बारीकसारीक कामं वर्षभर चालत. पण ज्या कामावर तिचं नाव होतं ते वर्षातून एकदाच यायचं.

बंदरात पाण्यावर तरंगणारे बावीस बोये होते. बोटी त्यांना बांधलेल्या असत. प्रत्येक बोयाखाली एक जाड साखळी, आणि साखळीच्या टोकाला तळाशी काँक्रीटचा ठोकळा. भरती-ओहोटीबरोबर साखळी तळावर घासते, घासून घासून झिजते, आणि झिजलेली साखळी वादळातच तुटते. म्हणून वादळी महिने सुरू व्हायच्या आत कुणीतरी खाली जायचं, प्रत्येक साखळीच्या कड्या मापायच्या आणि कुठल्या बदलायच्या ते सांगायचं. सव्वीस वर्षं ते कुणीतरी म्हणजे पाणकोंबडी. आणि वर बोटीत बसून तिच्या कमरेचा दोर धरणारा तिचा नवरा.

दोरावर त्यांची भाषा ठरलेली होती. एक ओढ म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे सैल सोड. तीन म्हणजे वर येते. आणि न थांबता ओढत राहिलं तर काही विचारू नकोस, खेच.

या भाषेतला शेवटचा शब्द तिने सव्वीस वर्षांत एकदाच वापरला, मागच्या हंगामाच्या शेवटी. एका मासेमारी बोटीच्या पंख्यातून ती जाळं कापत होती. तोंडातला रेग्युलेटर जुना झाला होता, तो हवेबरोबर पाणी देऊ लागला. ठसका लागला. वर निघावं तर सुटाची बाही पंख्याच्या पात्यात अडकली. तिने दोर ओढला, ओढतच राहिली. वरून नवऱ्याने जीव खाऊन खेचला, पण दोरही जाळ्यात गुंतलेला होता. शेवटी तिनेच सुरीने बाही कापली, दोर कापला आणि वर आली. खारं पाणी छातीत गेलं म्हणून चार दिवस इस्पितळात काढले. नवऱ्याच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती. त्यावर मलम लावत तो तिच्या खाटेशी बसून असे.

बरी झाल्यावर डॉक्टरने तिला दोन महिने थांबवलं, सगळ्या तपासण्या केल्या आणि सही करून कागद दिला, की फुप्फुसं स्वच्छ आहेत, कान उत्तम आहेत, पाण्यात उतरायला हरकत नाही. तो कागद तिने फ्रीजवर चिकटवला. जुना रेग्युलेटर नवऱ्याने त्याआधीच भंगारात टाकला होता. फाटका सूट तेवढा घरात राहिला होता. तेव्हा दोन्ही नवीन घ्यायचं ठरलं.

गावात पाण्याखालच्या सामानाचं दुकान एकच. बंदराच्या मागच्या चढावर, दोन्ही बाजूंच्या दुकानांनी दाबून धरल्यासारखं अरुंद. आत रबराचा वास, भिंतीवर टांगलेले मास्क, दारात मुंडकं नसलेला पुतळा सूट घालून उभा, आणि मागच्या खोलीत टाक्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर धडधडत असलेला. मालकाला लोक उद्याशेठ म्हणत. कारण काहीही मागा, ते उद्या येणार असायचं. माणूस वाईट नव्हता. टाक्या चोख भरायचा, रेग्युलेटरमधला पडदा, वॉशर, रबरी कड्या मनापासून बसवून द्यायचा. फक्त बाहेरून मागवायची वस्तू असली की त्याच्या उद्याला अंत नसे.

त्याने तिची मापं घेतली. गळा, मनगटं, मांड्या, पावलं. "ताई, तुमच्या मापाचं तयार मिळणार नाही. कारखान्यातून शिवूनच आणावं लागेल. सहा आठवडे धरा," असं तो म्हणाला.

सहाचे दहा झाले, दहाचे चौदा. दर सोमवारी ती चढ चढून दुकानात जायची आणि विचारायची, "शेठ, माझं आलं का?" दर सोमवारी नवं कारण मिळायचं. सुटाची चेन दुसऱ्या कारखान्यातून यायची आहे. रबराचा ताव खराब निघाला. जहाज बंद पडलं. कुठल्याशा फॉर्मवर तिच्या छातीचं माप आणि रेग्युलेटरचा नंबर यांची अदलाबदल झाली. घरी येऊन ती ते कारण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या सोमवारच्या चौकोनात लिहून ठेवायची. नवराही कॅलेंडरपुढे उभा राहून वाचायचा आणि हसायचा.

"जहाज बंद पडलं? कुणी ढकलायला नव्हतं वाटतं," तो म्हणायचा.

ती पण हसायची. वाट बघण्यातला निम्मा जाच त्या हसण्याने कमी व्हायचा.

सतराव्या आठवड्यात मात्र बंदर अधिकाऱ्याने तिला बोलावून घेतलं. नवीन होता, जेमतेम वर्षभरापूर्वी आलेला. टेबलावर काच, काचेखाली बंदराचा नकाशा, नकाशावर बावीस ठिपके.

"बाई, साखळ्यांचं काम या महिनाअखेर संपायला हवं. तुमच्याकडे सामानच नाही असं ऐकलं."

"येतंय. वाटेत आहे."

"कधीपासून?"

ती काचेखालचे ठिपके बघू लागली.

"बाहेरची एक कंपनी आहे. ते कॅमेरा सोडतात पाण्यात. माणूस उतरायला लागत नाही. गेल्या वर्षी जे झालं, त्यानंतर मला वाटतं तेच बरं. तुमच्याही वयाचा विचार करायला हवा ना."

"साहेब, चिखलात रुतलेली कडी तुमचा कॅमेरा उचलून बघणार का?"

"ते मला माहीत नाही."

"मला माहीत आहे. कडी वरून चांगली दिसते, झिजते खालून. हातात धरून फिरवावी लागते. वयाचं म्हणाल, तर साखळीला माझं वय कळत नाही."

अधिकारी हसला, पण नकाशावरून नजर काढून म्हणाला, "पंधरा तारखेला सुरुवात झाली तर काम तुमचं. सोळाला मी त्यांना फोन करीन."

त्या दिवशी नऊ तारीख होती.

ती तडक दुकानात गेली. सोमवार नव्हता. उद्याशेठ तिला बघून जरा दचकला.

"शेठ, स्पष्ट सांगा. कुठे आहे माझी पेटी?"

"निघाली आहे ताई. वाटेत आहे."

"कुठल्या वाटेत?"

"आता ते पाठवणाऱ्यांना माहीत. उद्या फोन लावतो मी त्यांना."

"आत्ता लावा. मी उभी आहे."

"आत्ता त्यांची जेवायची सुट्टी असेल," तो म्हणाला आणि कॉम्प्रेसर बघून येतो म्हणत मागे गेला तो आलाच नाही. दहा मिनिटं ती मुंडकं नसलेल्या पुतळ्याशेजारी उभी राहिली, मग घरी आली.

नवरा बाहेर गेला होता. तिने पलंगाखालून जुना फाटका सूट ओढून काढला. त्याच्या गळ्याच्या आतल्या बाजूला कारखान्याची पट्टी शिवलेली होती. अक्षरं घामाने पुसट झालेली, पण भिंग धरल्यावर फोन नंबर वाचता आला. सतरा आठवड्यांत हे आपल्याला का सुचलं नाही, याचा तिला स्वतःचाच राग आला. सुचलं नाही कारण शंका आली नव्हती. माणूस हळू आहे म्हणून चिडता येतं; तो खोटं बोलतोय असं सहसा मनात येत नाही.

फोन एका बाईने उचलला. मागे शिलाई यंत्रांचा आवाज येत होता. तिने आपलं माप आणि दुकानाचं नाव सांगितलं.

"अरे, तुम्ही का त्या," पलीकडची बाई म्हणाली. "लहान मनगटंवाल्या. तुमची मनगटं मीच कापली. बसला का नीट?"

"मिळालाच नाही अजून."

"असं कसं? थांबा हं." वह्या चाळल्याचा आवाज. "पोचलाय की. सूट आणि रेग्युलेटर एकाच पेटीत होते. सात आठवडे झाले, गुरुवार होता. घेतल्याची सही आहे, दुकानाचा शिक्का आहे."

पाणकोंबडीने कॅलेंडरची मागची पानं उलटली. त्या गुरुवारनंतरच्या सोमवारी तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: पेटी चुकीच्या बंदरात उतरली.

"बाई, ऐकताय ना?"

"ऐकतेय. घालून बघितला की सांगते तुम्हाला."

तिने फोन ठेवला, चपला घातल्या आणि त्या दिवसात दुसऱ्यांदा तो चढ चढली. या वेळी थांबत थांबत नाही.

दुकानात एक गिऱ्हाईक होतं. ते जाईपर्यंत ती गप्प उभी राहिली. मग म्हणाली, "सात आठवड्यांपूर्वीचा गुरुवार. सही तुमची, शिक्का तुमचा. पेटी कुठे आहे?"

उद्याशेठकडे कारणांचा एवढा साठा, पण त्यातलं एकही हाताला लागेना. शेवटी त्याने नुसती मान वर केली. दुकानाच्या मागच्या भागात लाकडी माळा होता आणि त्याला शिडी टेकवलेली होती.

"माझे गुडघे…" तो म्हणाला.

"माझे चांगले आहेत."

ती स्वतः चढली. बोटींच्या जुन्या ताडपत्र्यांखाली पेटी होती, वर तिचं नाव मोठ्या अक्षरात. पट्ट्याही तोडलेल्या नव्हत्या. ती पेटी खांद्यावर घेऊन उतरली. उद्याशेठने शिडी घट्ट धरली होती.

"का?" तिने विचारलं. "दुसऱ्या कुणाला विकायची होती म्हणावं, तर या मापात दुसरी बाई मावणार नाही. मग का?"

"ताई, माझ्या तोंडून नका वदवून घेऊ."

"तुमच्याच तोंडून घेणार. सात आठवडे याच तोंडातून खोटं आलंय."

तो खुर्चीत बसला. "तुमच्या घरूनच सांगणं होतं. पेटी आली त्या दिवशी ते टाकी तपासून घ्यायला आले होते. पेटी त्यांनी बघितली. म्हणाले, देऊ नका. हंगाम निघून जाऊ दे, मग तिचं तीच सोडेल. मी म्हटलं, नवरा-बायकोत आपण कशाला पडा."

"पडलात ना पण."

"पडलो," तो म्हणाला. "माझं चुकलं."

ती पेटी घेऊन उतार उतरली. पेटी जड नव्हती, तरी मध्ये एकदा तिला ती खाली ठेवावी लागली. एका बंद दुकानाच्या पायरीवर ती बसली. तिला आठवत होतं ते नवऱ्याचं कॅलेंडरपुढे उभं राहून हसणं. पहिल्या दहा आठवड्यांतलं हसणं खरं होतं, सहा-सात सोमवारांचं खोटं, आणि तिला दोन्हींत काही फरक कळला नव्हता. लपवाछपवीपेक्षा तिला ते जास्त लागलं.

नवरा घरी परतला होता आणि ओट्याखाली बसून गळका नळ दुरुस्त करत होता. तिने पेटी जेवायच्या टेबलावर ठेवली. आवाजाने त्याने वळून बघितलं. तो खालीच बसून राहिला, हातात पाना धरून.

"त्याने दिली?" त्याने विचारलं.

"मी घेतली."

तो उठला नाही. "मी सांगणार होतो."

"कधी? उद्या?"

तो पान्यावरचं पाणी पुसू लागला.

"दर सोमवारी मी त्या चढावर धापा टाकत जायची. आणि वर तू विचारायचास, आज काय कारण दिलं म्हणून."

"हो."

"हसायचास."

"हो." त्याने पाना खाली ठेवला. "तुला काय वाटतं, मला बरं वाटत होतं? मी सेकंद मोजले होते. त्या दिवशी तू दोर ओढायला लागलीस तेव्हापासून. नव्वदपर्यंत मोजले. दोर हलत नव्हता. मी खेचतोय आणि तो हलत नाही. मग एकदम हलका झाला, नुसतं कापलेलं टोक आलं हातात. तू वर यायच्या आधी ते टोक आलं होतं. तुला ते माहीत नाही."

तिला खरंच माहीत नव्हतं.

"मला परत ते टोक बघायचं नाही," तो म्हणाला.

"मग हे मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर थांबली असतीस?"

"नसते थांबले."

"मग?"

"मग नसते थांबले. पण ते माझं मी ठरवलं असतं, तुझं ऐकून. तू मला ठरवायलाच दिलं नाहीस. एका दुकानदाराला हाताशी धरून मला लहान मुलासारखं खेळवलंस. डॉक्टरचा कागद फ्रीजवर आहे. तू रोज त्यातून दूध काढतोस."

"कागदाला काय कळतं."

"आणि तुला काय कळतं? खाली काय आहे ते तू एकदा तरी बघितलंस? मी भीत नाही असं वाटतं तुला? त्या दिवशी मी जेवढी भ्यायले तेवढी आयुष्यात भ्यायले नाही. पण बाही मी कापली. सुरी माझ्या हातात होती, आणि काय करायचं ते मला माहीत होतं. मी बुडाले नाही. मी वर आले. ते तू विसरतोस."

नळातून पाणी ठिबकत होतं.

"मी पंधराला उतरणार," ती म्हणाली. "दोर धरायचा तर धर."

"मला जमणार नाही." त्याने तळवे पुढे केले. बोटं थरथरत होती. "नाटक नाही करत. परवा धक्क्यावर एकाची बोट बांधायला घेतली, तर गाठ बसेना."

तिने ते हात बघितले. रागात असतानाही तिला कळलं की हे खरं आहे.

"मग नको धरूस," ती म्हणाली. "पण अडवायचं नाही. परत अडवलंस तर मी हे घर सोडून बंदरावर राहीन. मी बोलते ते करते, तुला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी ती नणंदेकडे गेली. नवऱ्याची ही मोठी बहीण चौसष्ट वर्षांची, पाण्याच्या पलीकडच्या काठावर एकटी राहणारी. तिने तीस वर्षं फेरीबोटीवर दोर टाकायचं आणि बांधायचं काम केलं होतं. दंड अजून पुरुषासारखे, आणि तोंड त्याहून भक्कम.

पाणकोंबडीने सगळं सांगितलं. नणंदेने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, हे नवल.

"वन्सं, तो तुमचा भाऊ आहे. तुम्हाला नाही म्हणायचं तर म्हणा. मी राग धरणार नाही."

"भाऊ आहे म्हणून काय? त्याला पोहायला मीच शिकवलं. धक्क्यावरून ढकलून. पन्नास वर्षं झाली, अजून बोलून दाखवतो." ती उठली आणि खुंटीवरचं जाकीट घेतलं. "तुमच्या दोराची भाषा काय आहे ते सांग. आणि हे बघ, मी हळव्या हाताची नाही. ओढ म्हणालीस तर दात पडेपर्यंत ओढीन."

चार दिवस दोघींनी धक्क्यावर सराव केला. पाणकोंबडी उथळ पाण्यात उतरून वेगवेगळ्या ओढी द्यायची, नणंद डोळे मिटून ओळखायची. नवीन सूट अंगाला चिकटला होता, मनगटातून थेंब आत येत नव्हता. रेग्युलेटरमधून हवा इतकी सहज यायची की पहिल्या दिवशी ती पाण्याखाली नुसतीच श्वास घेत बसून राहिली. संध्याकाळी तिने कारखान्यात फोन करून मनगटं बरोबर बसल्याचं सांगितलं. त्या बाईने मागच्या सगळ्या जणींना ओरडून ती बातमी दिली.

बंदरावर कुजबुज होतीच. दोन म्हाताऱ्या मिळून साखळ्या बघणार म्हणे. जाळी विणणारा एक जण म्हणाला, "एक पाणकोंबडी होती, आता जोडी झाली." नणंदेने त्याला विचारलं की तुझी बोट कितव्या बोयाला बांधलेली आहे. तो म्हणाला, चौदाव्या. "मग चौदावा आम्ही सगळ्यांत शेवटी बघू," असं म्हणून ती पुढे गेली.

पंधराला सकाळी काम सुरू झालं. बंदर अधिकारी धक्क्यावर येऊन उभा राहिला, घड्याळ बघितलं, काही न बोलता गेला. पहिल्या दिवशी तीन बोये झाले, दुसऱ्या दिवशी तीन. पाणी गार आणि गढूळ. हात लांब केला तर पंजा दिसत नव्हता. पाणकोंबडी साखळीला धरून खाली जायची, चिखलात रुतलेली कडी खेचून वर काढायची, जाडी मापायला कॅलिपर लावायची, आकडा पाटीवर लिहायची. एक ओढ. वरून एक ओढ. नणंदेची ओढ नवऱ्यासारखी नव्हती. नवऱ्याची हलकी असायची, विचारल्यासारखी. हिची म्हणजे दारावर थाप.

तिसऱ्या दिवशी नवरा आला. बोटीपाशी नाही. धक्क्याच्या टोकाला, जिथून बोट दिसते पण बोलणं ऐकू येत नाही, तिथे दगडावर बसला. दोघींनी त्याला बघितलं आणि दोघींनीही बघितलं नाही असं दाखवलं. चौथ्या दिवशीही तो तिथेच होता. पाचव्याही.

जाळी विणणाऱ्याला दिलेला शब्द नणंदेने पाळला नाही. चौदावा बोया पाचव्या दिवशी ओघानेच आला. खाली गेल्यावर पाणकोंबडीला कळलं की इथे काहीतरी बिनसलं आहे. साखळी ठोकळ्याभोवती दोनदा गुंडाळली गेली होती. तिने चिखल उपसला, वळसा सोडवायला घेतला, आणि त्या हालचालीत तिचा दोर साखळी आणि ठोकळा यांच्या फटीत अडकला. वरून एक ओढ आली असणार, ती तिच्यापर्यंत पोचली नाही. तिने ओढलं, ते वर गेलं नाही.

मागच्या हंगामाचं पाणी परत घशात आल्यासारखं वाटलं. ती थांबली. हवा येत होती, स्वच्छ, पाहिजे तेवढी. तिने डोळे मिटले, कारण नाहीतरी दिसत काहीच नव्हतं, आणि दोरावरून हात फिरवत फिरवत ती फट शोधली. सुरी कमरेला होती. तिने ती काढली नाही. साखळीची कडी दोन्ही हातांनी उचलून धरली, गुडघ्याने दोर बाहेर सारला. दोर सुटला. मग तिने एक ओढ दिली, जरा जास्तच जोरात.

वर काय झालं ते नणंदेने तिला नंतर सांगितलं. "मी एक ओढ दिली, उत्तर नाही. परत दिली, नाही. म्हटलं, वीसपर्यंत मोजते, मग खेचते. तेवढ्यात बघते तर तो उठलेला. धक्क्यावरून इकडे यायला निघालेला. दहा पावलं आला असेल. मी हात वर केला, थांब म्हणून. थांबला. बसला नाही, परत गेला नाही, उभा राहिला. अकरा मोजले आणि तुझी ओढ आली. मी त्याला अंगठा दाखवला. मग तो तिथेच खाली बसला, रस्त्याच्या मधोमध. एक सायकलवाला शिव्या देत वळसा घालून गेला."

चौदाव्या बोयाच्या साखळीत सलग पाच कड्या झिजून पेन्सिलीएवढ्या झाल्या होत्या. वरून, म्हणजे कॅमेऱ्याने बघितलं असतं त्या बाजूने, त्या अगदी धडधाकट दिसत होत्या. तिथल्या बोटी दुसरीकडे बांधल्यावर पाणकोंबडीने त्यातली एक कापून आणली आणि बंदर अधिकाऱ्याच्या टेबलावरच्या काचेवर ठेवली. चिखलाचं पाणी नकाशावर पसरलं. त्याने कडी उचलली, उलटी केली, झिजलेल्या बाजूवरून बोट फिरवलं.

"या बोयावर तीन बोटी असतात," तो म्हणाला.

"चार. एक रात्रीची येते, तुमच्या नोंदीत नाही."

त्याने पुढच्या वर्षीचा करारही त्याच आठवड्यात टाइप करायला दिला. वयाचा विषय त्याने काढला नाही, तिनेही आठवण करून दिली नाही.

घरात मात्र लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. कित्येक दिवस ती नवऱ्याशी कामापुरतं बोलायची. तो चहा ठेवायचा, ती घ्यायची, कप धुवायची. कॅलेंडरची जुनी पानं त्याने एक दिवस फाडायला घेतली तेव्हा ती म्हणाली, "राहू दे. मला बघायची असतात." त्याने हात मागे घेतला. उद्याशेठकडे ती पुन्हा जाऊ लागली, कारण हवा भरायला दुसरं दुकान नव्हतं. पण मागवलेली प्रत्येक वस्तू आता कारखान्यातून थेट घरच्या पत्त्यावर यायची, आणि सही तिचीच लागायची. उद्याशेठने एकदा चाचरत विचारलं की ताई, राग गेला का. "थोडा गेलाय, थोडा आहे," ती म्हणाली. "बाकीचा निघालाय, वाटेत आहे." तो कसनुसा हसला.

पुढच्या हंगामात साखळ्यांचं काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "बोट कोण चालवणार आहे?"

"वन्संच. दोरही त्याच धरतात, इंजिनही त्याच बघतात."

"एका माणसाने दोन्ही करणं बरोबर नाही."

"मग?"

"मी बोट चालवीन. दोराकडे पाठ करून बसेन. तू पाण्यात असताना मला काही विचारायचं नाही, आणि मी काही बोलणार नाही."

तिने त्याच्या हातांकडे बघितलं. थरथर पूर्ण गेलेली नव्हती.

"सकाळी सहाला," ती म्हणाली. "उशीर केलास तर सोडून जाईन."

तो साडेपाचलाच बोटीत होता. ती उतरायची तेव्हा तो समुद्राकडे तोंड करून सुकाणूला घट्ट धरून बसायचा, मानेवर घाम असायचा, आणि त्याची बहीण त्याच्या पाठीमागे दोर धरून उगाच मोठ्याने हवापाण्याच्या गप्पा मारायची. पाणकोंबडी वर आली की बोटीच्या कडेला हाताने दोनदा थापटायची. त्या आवाजावर तो वळायचा, तिला आत घ्यायला हात द्यायचा.

"आता कुठला?" तो विचारायचा.

"सातवा. जरा डावीकडून घे, तिथे कुणाचं तरी जाळं आहे."

तो डावीकडून घ्यायचा.